पडद्यावरील नायकाचा देह आणि कौशल्याची खूण

संगणकावर किंवा दूरचित्रवाणी-संचाला जोडलेल्या यंत्रावर जे खेळ खेळले जातात, त्यांमध्ये ‘रोल-प्लेइंग गेम’ नावाचा एक मोठा वर्ग आहे. मराठीत त्यास भूमिका-खेळ असे म्हणता येईल. या खेळात खेळणारा मनुष्य एका कल्पित पात्राची भूमिका स्वीकारतो. ते पात्र प्रवास करते, लढते, शिकते आणि हळूहळू अधिक समर्थ होत जाते. बुद्धिबळातील घोडा पहिल्या चालीस जसा असतो तसाच शेवटच्या चालीसही असतो. भूमिका-खेळातील नायक मात्र आरंभी दुबळा आणि अखेरीस पराक्रमी असतो. ही वाढ हाच त्या खेळाचा प्राण होय.

या खेळांचा उगम संगणकात नाही, कागदावर आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक पात्राची शक्ती, चापल्य, बुद्धी इत्यादी गुण आकड्यांनी मांडलेले असत. पराक्रम केला की अनुभवाचे गुण मिळत, आणि पुरेसे गुण साठले की पात्र वरच्या पायरीवर जाई. पात्राचा देह कसा दिसतो हे सांगण्याचे काम कल्पनाशक्तीकडे होते. कागदावर केवळ आकडे असत. पुढे हाच हिशेब संगणकाने उचलला आणि त्याबरोबर चित्रही आले. तेव्हा एक नवा प्रश्न उभा राहिला. यंत्राला नायकाचे कौशल्य आकड्याने ठाऊक आहे. मग ते खेळणाराला डोळ्यांनी दिसावे की नाही, आणि दिसावे तर कोणत्या रूपाने?

बहुतेक खेळांनी या प्रश्नाचे उत्तर वेशभूषेने दिले. नवखा नायक फाटक्या अंगरख्यात असतो, मुरलेला नायक पोलादी चिलखतात. खेळ बनविणाराच्या दृष्टीने हे सोयीचे असते, कारण एकाच सांगाड्यावर निरनिराळी वस्त्रे चढविता येतात. परंतु वस्त्र हे मिळकतीचे चिन्ह आहे, कौशल्याचे नव्हे. २०११ सालच्या ‘स्कायरिम’ या प्रसिद्ध खेळात नायकाने लोहारकामाचे कौशल्य आरंभीच्या अंकापासून थेट शंभरापर्यंत नेले, तरी त्याचे मनगट तिळभरही जाड होत नाही.

काही कल्पकांनी मात्र देहालाच हात घातला. इंग्लंडमधील लायनहेड या संस्थेच्या ‘फेबल’ मालिकेतील दुसरा खेळ २००८ साली निघाला. त्यात शक्ती वाढविली की नायकाचे दंड व छाती भरते. नेमबाजीचे कौशल्य वाढविले की तो उंच होतो. आणि मंत्रबळ वाढविले की त्याच्या त्वचेवर निळसर प्रकाशाच्या रेघा उमटतात. नेम चांगला लागू लागला म्हणून माणूस उंच झाल्याचे कोणत्याही वैद्यकाच्या ग्रंथात आढळणार नाही. कल्पकास रुंदी व प्रकाश यांहून वेगळी अशी तिसरी खूण हवी होती, आणि उंची तेवढी शिल्लक होती, इतकेच. २००४ सालचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा खेळ काटेकोर अर्थाने या वर्गातला नाही, तथापि त्याने हीच युक्ती घेतली. त्यातील नायक व्यायामशाळेत गेला की पिळदार होतो, अबरचबर खात सुटला की त्याचे पोट सुटते, आणि उपाशी राहिला की चरबीबरोबर कमावलेले स्नायूही झडतात.

या सर्वांहून विचार करण्याजोगे उदाहरण जर्मनीतील पिरान्हा बाइट्स या संस्थेच्या ‘गॉथिक’ या खेळाचे आहे. हा खेळ २००१ साली निघाला. त्यातील नायकाला नावसुद्धा नाही. आरंभी त्याला तलवार येत नाही, आणि ते कोणी आकड्याने सांगावे लागत नाही. कारण एका हाताने पेलावयाची तलवार तो दोन्ही हातांनी, ओंडका धरावा तशी धरतो आणि अवघडून फिरवितो. गुरूकडे जाऊन त्याने शिक्षण घेतले की त्याची पकड बदलते. तलवार एका हातात येते, पाय योग्य अंतरावर पडू लागतात, एका वारातून दुसरा वार सहज निघतो. त्याचा देह मात्र होता तसाच राहतो. बदलते ती देहाची हालचाल. २०१८ सालच्या ‘किंगडम कम : डिलिव्हरन्स’ या झेक खेळातही असाच विचार आढळतो. त्यातील लोहाराच्या मुलाला आरंभी वाचता येत नाही, म्हणून पुस्तक उघडले की अक्षरे उलटीसुलटी दिसतात; तो शिकत जातो तशी ती जागेवर येतात. येथे तर बदल नायकाच्या अंगावर नाही, नायकाला दिसणाऱ्या जगात आहे.

आता खेळणाराच्या मनात जो प्रश्न सहसा उद्भवत नाही तो विचारावयास हवा. खऱ्या मनुष्याच्या देहावर कौशल्य असे दिसते काय? हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. मुलांच्या संघांची निवड डोळ्यांनी देह पाहून होत असते, आणि कित्येक तरुण आरशातील दंडावरून स्वतःची प्रगती मापीत असतात.

याचे परीक्षण करण्यास चंडीगढ हे शहर सोयीचे आहे, कारण लहानशा क्षेत्रात तेथे परस्परांहून अगदी भिन्न देहांचे थोर खेळाडू वावरले. ज्यांनी १९६० सालच्या रोम ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या शर्यतीत चौथा क्रमांक मिळविला, ते मिल्खासिंग येथेच राहिले आणि २०२१ च्या जून महिन्यात येथेच निवर्तले. कपिल देव यांचा जन्म १९५९ साली याच शहरात झाला. सेक्टर १६ च्या मैदानावर देशप्रेम आझाद यांच्या हाताखाली त्यांची गोलंदाजी घडली आणि पुढे त्यांनी कसोटी सामन्यांत ४३४ बळी घेतले. नीरज चोप्रा हे पानिपत जिल्ह्यातील खांद्रा गावचे; परंतु भालाफेकीचे त्यांचे प्रारंभीचे शिक्षण चंडीगढला लागूनच असलेल्या पंचकुला येथील ताऊ देवीलाल क्रीडासंकुलात झाले आणि सेक्टर १० मधील डी. ए. व्ही. महाविद्यालयात ते विद्यार्थी होते. अभिनव बिंद्रा यांचे शालेय शिक्षणही चंडीगढचेच.

या चौघांना नावे झाकून रांगेत उभे केले, तर त्यांच्या शरीरावरून त्यांचे कौशल्य किती ओळखता येईल? धावपटू कदाचित ओळखता येईल. भालाफेक करणाराच्या खांद्यावरून काही तर्क बांधता येईल. नेमबाज मात्र सर्वस्वी निसटून जाईल. वस्तुतः ११ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंग येथे बिंद्रा यांनी जे केले ते सूक्ष्मतेच्या दृष्टीने विलक्षण होते. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा मध्यबिंदू अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि अंतिम फेरीत त्याचेही दशांश मोजले जातात. शेवटच्या गोळीपूर्वी बिंद्रा व फिनलंडचे हेन्री हॅकिनेन यांचे गुण समसमान, ६८९.७ होते. बिंद्रा यांनी १०.८ गुणांची गोळी झाडली व हॅकिनेन यांनी ९.७ गुणांची. भारताला वैयक्तिक प्रकारातील पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून देणारे हे कौशल्य बाहेरून पाहणाराला एका स्तब्ध उभ्या माणसापलीकडे काहीही दाखवीत नाही.

तो स्तब्धपणा आतून मात्र रिकामा नसतो. निष्णात नेमबाजांवर केलेल्या मोजमापांत असे आढळले आहे की, घोडा दाबण्यापूर्वीच्या काही क्षणांत त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, आणि मेंदूच्या डाव्या बाजूवरील विद्युत्-लहरींत शांततेचे लक्षण मानला जाणारा ‘आल्फा’ ताल वाढतो. नवशिक्यांत हे इतके स्पष्टपणे आढळत नाही. ‘फेबल’मधील निळ्या रेघा म्हणजे याच अदृश्य गोष्टीला दिलेले दृश्य रूप आहे, असे म्हणावयास हरकत नाही, केवळ त्या मंत्रबळासाठी काढल्या आहेत, नेमबाजीसाठी नव्हेत.

मग देहावर जे दिसते ते कशाचे चिन्ह असते? कोल्हापूरच्या तालमीत शिरले की मुरलेल्या पैलवानांचे मोडलेले, सुजून घट्ट झालेले कान लक्ष वेधून घेतात. पुष्कळ पैलवान ते अभिमानाने मिरवितात. झटापटीत कान वारंवार घासला व चेपला गेला की त्वचा व कूर्चा यांमध्ये रक्त साचते. कूर्चेचे पोषण तुटते, आणि पुढे तेथे वेडावाकडा कठीण भाग तयार होतो. यावरून त्या माणसाने लाल मातीत वर्षे घालविली आहेत एवढे निश्चित कळते. त्याला डाव किती येतात हे कानावरून कळत नाही. कान मोडलेला असूनही कायम चितपट होणारा मल्ल तालमीत आढळतोच. वस्तादास हे कोणी शिकवावे लागत नाही.

हाडांचेही असेच आहे. निष्णात टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची क्ष-किरण चित्रे तुलनेस घेतली असता, पुरुषांमध्ये खेळणाऱ्या हाताच्या हाडाचे कवच दुसऱ्या हाताहून सुमारे एक तृतीयांशाने जाड आढळले. फेक करणाऱ्या खेळाडूंत याहून सूक्ष्म बदल होतो. जन्मतः दंडाचे हाड स्वतःभोवती काहीसे मागे पिळलेले असते, आणि वाढीच्या वयात हा पीळ कमी होत जातो. लहानपणापासून चेंडू फेकणाऱ्या मुलांत फेकीच्या हाताचा पीळ तितकासा उलगडत नाही. बेसबॉल व हँडबॉल खेळणारांच्या दोन दंडांमधील हा फरक मोजता येतो, आणि त्यामुळे हात मागे अधिक वळू शकतो. हाड येथे बालपणीची आठवण ठेवते म्हणावयाचे. परंतु ती आठवण फेकींच्या संख्येची व जोराची आहे. भाला कोणत्या कोनात सुटला याची नोंद हाड ठेवीत नाही. नीरज चोप्रा यांचे उदाहरण येथे लक्षात घ्यावे. बालपणी ते स्थूल होते आणि वजन उतरावे म्हणूनच घरच्यांनी त्यांना व्यायामाकडे वळविले. देहातील तो पहिला ठळक बदल भाल्याच्या कौशल्याचा नव्हता. कौशल्य नंतर आले, आणि ७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ८७.५८ मीटरच्या फेकीत ते जगाने पाहिले.

स्नायूंच्या बाबतीत तर काळाचा क्रमही खेळातल्यासारखा नसतो. पडद्यावर आकडा वाढला की त्याच क्षणी दंड फुगतो. प्रत्यक्षात वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करणाऱ्या मनुष्याची शक्ती पहिल्या काही आठवड्यांतच वाढते, आणि स्नायूचा आकार मात्र त्या मानाने फारसा बदललेला नसतो. १९७९ साली मोरितानी व डी व्हरिझ यांनी या आरंभीच्या वाढीचा मोठा भाग मज्जासंस्थेचा असल्याचे दाखविले. मेंदू व मज्जारज्जू पूर्वीच्याच स्नायूतील अधिक तंतूंना एकाच वेळी कामास लावावयास शिकतात. याचा सर्वांत आश्चर्यकारक पुरावा फार जुना आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात १८९४ साली असे आढळून आले की, एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या, स्वस्थ ठेवलेल्या हाताचीही शक्ती वाढते. त्या दुसऱ्या हाताने एकही वजन उचललेले नसते. तो दिसावयासही पूर्वीसारखाच असतो.

खरी खूण कवटीच्या आत उमटते. १९९५ साली तंतुवाद्ये वाजविणारांची तपासणी करण्यात आली, तेव्हा तारा दाबणाऱ्या डाव्या हाताच्या बोटांसाठी मेंदूच्या पृष्ठभागावर राखून ठेवलेले क्षेत्र इतरांपेक्षा मोठे असल्याचे दिसले. आणि ज्यांनी वादनास लहान वयात आरंभ केला त्यांच्यात ते अधिक मोठे होते. २००४ साली काही तरुणांना तीन महिने चेंडू झेलण्याची कसरत शिकविण्यात आली. त्यांच्या मेंदूच्या एका भागातील करडा पदार्थ वाढला, व सराव थांबल्यावर तो पुन्हा कमी झाला. ‘सॅन अँड्रियास’मधील झडणाऱ्या स्नायूंची येथे आठवण होते. कल्पकाने नियम बरोबर ओळखला होता, अवयव तेवढा चुकला.

कौशल्यावाचूनही देह बदलू शकतो, ही यातील सर्वांत गंभीर बाजू होय. १९९६ साली शलेंदर भसीन व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत एक काटेकोर प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी पुरुषांच्या काही गटांना दहा आठवडे टेस्टोस्टेरोन या पुरुषी संप्रेरकाची मोठी मात्रा देण्यात आली, काहींना निष्क्रिय द्रव. ज्यांनी औषध घेतले पण व्यायाम मुळीच केला नाही, त्यांचे चरबीविरहित वजन सरासरी ३.२ किलोग्रॅमने वाढले. ज्यांनी औषधावाचून प्रामाणिकपणे व्यायाम केला, त्यांचे १.९ किलोग्रॅमने. स्वस्थ बसलेल्याने घाम गाळणाऱ्यास मागे टाकले! व्यायामशाळांतून गुपचूप मिळणाऱ्या स्टेरॉइडांचे आकर्षण या एका तुलनेत सामावले आहे. त्यांनी मिळते ती खूण. तिच्या मोबदल्यात शरीराची स्वतःची संप्रेरक-निर्मिती मंदावते, वंध्यत्व येऊ शकते, हृदय व रक्तवाहिन्या यांस अपाय होतो, आणि पोटात घ्यावयाच्या काही प्रकारांनी यकृतही बिघडते. भाला त्यामुळे अचूक कोनात सुटत नाही व गोळी अर्ध्या मिलिमीटरच्या बिंदूवर बसत नाही. पडद्यावरील नायकाच्या बाबतीत मात्र आधी दंड आणि मग आकडा असे कधीच घडत नाही, म्हणून त्या जगात वाढलेल्या तरुण डोळ्यास ही फसवणूक सहज कळत नाही.

दुसरी फसवणूक वयाची. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांत यौवनाचा आरंभ कोणाचा लवकर होतो, कोणाचा उशिरा. ज्याचा लवकर झाला तो उंच, रुंद आणि जोरकस दिसतो; निवड करणारे त्यास अधिक कुशल समजतात, त्याला अधिक शिक्षण व अधिक सामने मिळतात, आणि तो खरोखरच पुढे जातो. उशिरा वाढणारा मुलगा दोन वर्षांनी त्याची बरोबरी करतो, पण तोवर त्याचे नाव यादीतून गेलेले असते. कॅनडातील आइस हॉकीच्या संघांत वर्षाच्या आरंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा असल्याचे १९८५ सालीच दिसून आले होते. भारतात क्रिकेटच्या सोळा वर्षांखालील सामन्यांसाठी डाव्या मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय पाहण्याची पद्धत आहे. ती वय लपविणारांना पायबंद घालण्यासाठी आहे. योग्य वयाच्या परंतु उशिरा वाढणाऱ्या मुलाचे रक्षण तिच्याने होत नाही.

तथापि कौशल्य डोळ्यास मुळीच दिसत नाही असा निष्कर्ष काढणे अतिरेकाचे होईल. ते दिसते, पण आकारात नव्हे, चालीत. सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय बर्नश्टाइन यांनी १९२० नंतरच्या दशकात मॉस्को येथे छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर बारीक दिवे बांधून त्यांच्या हालचालींची छायाचित्रे घेतली. मुरलेल्या कामगाराचा घाव दर वेळी ठरल्या जागी पडे; पण खांदा, कोपर व मनगट यांचे मार्ग दर वेळी थोडे निराळे असत. एका सांध्याची चूक दुसरा सांधा वाटेतच सावरून घेत होता. नवशिका याच्या उलट असतो. तो सांधे आवळून धरतो, एकमेकांविरुद्ध ओढणारे स्नायू एकदमच ताणतो आणि म्हणून लवकर दमतो. ‘गॉथिक’च्या नायकाची ओंडक्यासारखी धरलेली तलवार म्हणजे नेमके हेच आहे.

ही चाल ओळखण्याची मानवी दृष्टीची शक्ती विलक्षण आहे. स्वीडनमधील गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखविले की, अंधारात माणसाच्या सांध्यांवरील दहा-बारा प्रकाशबिंदू एवढेच दिसत असले, तरी तो चालू लागताच पाहणारास मनुष्य क्षणात ओळखू येतो. तेच बिंदू स्थिर असताना मात्र त्यांत कसलाही अर्थ दिसत नाही. २००८ साली इटलीत याच्या पुढची पायरी गाठली गेली. बास्केटबॉलच्या फेकींची चित्रफीत मध्येच थांबवून चेंडू जाळ्यात पडेल की नाही असे विचारले असता, निष्णात खेळाडू तो हातातून सुटण्यापूर्वीच फेकणाराच्या शरीराच्या हालचालीवरून बरोबर सांगू लागले; नित्य सामने पाहणारे प्रशिक्षक व क्रीडा-पत्रकार त्यांच्या मागे पडले. म्हणजे दुसऱ्याचे कौशल्य पाहण्यासही पाहणाराच्या अंगी ते काही अंशी मुरलेले असावे लागते.

सेक्टर १६ च्या मैदानावर सरावासाठी आलेल्या मुलांच्या रांगेत म्हणूनच पाहावयाचे ते दंड नव्हेत; धावत येण्याचा ताल, उडी घेताना खांद्याचे वळणे, चेंडू सुटल्यावरचे पाऊल. खेळ बनविणारांना हे ठाऊक नाही असे नाही. अडचण खर्चाची आहे. स्नायू फुगवावयाचा तर संगणकास एक माप बदलावे लागते. चाल बदलावयाची तर प्रत्येक पायरीसाठी चालणे, वळणे, वार, माघार या सर्व हालचाली नव्याने तयार कराव्या लागतात, आणि त्याही परस्परांत बेमालूम मिसळाव्या लागतात. ‘गॉथिक’ने तलवारीसाठी ते मोजक्या पायऱ्यांपुरते केले. बाकीच्यांनी सहसा चिलखतावर भागविले.

या साऱ्यात एक मनुष्य विचाराबाहेर राहतो, तो म्हणजे खुद्द खेळणारा. शंभर तासांनंतर नायकाचे खांदे रुंद झालेले असतात, खेळणाराचे नाही. पण त्याचे अंगठे आता खालच्या कळांकडे न पाहता चालतात, पहिल्या दिवशी होणारी बोटांची अकारण ओढाताण थांबलेली असते, आणि कोपऱ्यातून येणाऱ्या शत्रूकडे त्याची नजर आधी वळते. वेगवान खेळ खेळणारांचे दृष्टीचे अवधान इतरांपेक्षा व्यापक असल्याचे निरीक्षण ग्रीन व बॅव्हेलियर यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. ते खेळाबाहेर कितपत उपयोगी पडते यावर अद्याप वाद आहे. खेळाचे यंत्र नायकाच्या प्रत्येक गुणाचा आकडा पडद्यावर मांडते. त्याच्यापुढे बसलेल्याच्या बोटांत जे घडले, त्यासाठी त्याच्याजवळ आकडा नाही.